विहिरीची नोंद जागेसकट हवी

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून अलिबागला निघालेली मुले वाटेत माती, पिके, घाट, किनारा पाहत जातात. पाठ चांगला आहे. पण क्षेत्रभेटीची सहल झाली की हाती उरतो तो एकमेकांच्या वहीतून उतरवलेला अहवाल, आणि तो पुढे कुणाच्याही उपयोगी पडत नाही. जागा ओळखणारा मोबाइल सोबत असेल, तर हीच क्षेत्रभेट गावासाठी उपयोगी नोंद होऊ शकते. सुरुवात विहिरींपासून करावी. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे एका विहिरीला मार्चमध्येही पाणी असते आणि बांधापलीकडची विहीर कोरडी पडते. अशा प्रदेशात ‘गावात पाणी आठ मीटरवर आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. कोणत्या विहिरीत, कोणत्या तारखेला, हे कळले तरच त्या आकड्याला किंमत येते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावातल्या बाकीच्या विहिरी मात्र मोजायच्या राहतात. ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्चमध्ये शाळांनी त्या मोजाव्यात. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, तेव्हा ते काम नववीने करावे.

प्रत्येकाकडे फोन नसतो, हा आक्षेप खरा आहे, पण पाच-सहा मुलांच्या गटाला एक फोन पुरतो आणि तो शिक्षकांचा असला तरी चालतो. उपग्रहांवरून जागा कळायला इंटरनेट लागत नाही. ओडीकेसारख्या मोफत साधनात माहिती भरून ठेवली, की रेंज आल्यावर ती पाठवता येते. मुले पडद्यातच अडकतील, ही भीती अधिक गंभीर आहे. म्हणून क्रम पक्का हवा: आधी वजन बांधलेल्या मोजपट्टीने कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे, विहीरमालकाशी बोलायचे, वहीत लिहायचे आणि फोन शेवटी काढायचा. फोनच्या मर्यादाही इथेच शिकवता येतात. मोकळ्या आकाशाखाली तो साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो, दाट झाडीत किंवा घळीत बराच चुकतो, आणि त्याने सांगितलेल्या उंचीवरून दोन विहिरींच्या पाण्याची तुलना तर करूच नये. त्रुटी किती आहे हे आकड्याशेजारी लिहिणारा विद्यार्थी विज्ञान शिकतो आहे, असे मी मानतो.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. भक्कम कठड्याच्या विहिरीच निवडाव्यात आणि मोजताना शिक्षक हजर असावेत. नोंदीत मुलांची नावे वा घरांची ठिकाणे नसावीत, मालकाची परवानगी आधी घ्यावी, आणि जमलेली माहिती सर्वांत आधी ग्रामसभेपुढे ठेवावी. पाण्याचा ताळेबंद मांडताना, नवी विंधन विहीर कुठे घ्यायची यावर वाद होताना, पाच वर्षांच्या अशा नोंदी हाताशी असल्या तर चर्चा अंदाजांवर अडकणार नाही. शिक्षण विभागाने अंतर्गत मूल्यमापनात या कामाला गुण द्यावेत, आणि दर वर्षी त्याच विहिरी पुन्हा मोजायची अट घालावी.