‘सुचेना’ कळते, मग ‘सुचे’ का कळू नये?

विद्यानगरातील मराठी घरांत फ्रेंच शिकणारे मूल आता नवलाईचे राहिलेले नाही. गुण पदरात पाडणारी द्वितीय भाषा म्हणून संस्कृताच्या जोडीने फ्रेंचचा बोलबाला झाला, त्यालाही बराच काळ लोटला. शिवाय भाषांचे माहेरघर आपल्या शेजारीच आहे. १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून जे रोपटे येथे लागले, त्याला पुढे परकीय भाषांच्या शाखा फुटल्या, आणि २००७ पासून ते इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ म्हणून नांदत आहे. आमच्यापैकी कित्येकांची नातवंडे तेथे किंवा अन्यत्र पुढच्या वर्गांपर्यंत पोहोचली आहेत. याचा आम्हांस आनंदच आहे. आमची तक्रार फ्रेंचविषयी नाही. फ्रेंचसाठी जी चिकाटी आपण सहज दाखवतो, तिचा शतांशही मराठीच्या वाट्याला येऊ नये आणि वर त्यालाच व्यवहारज्ञान म्हणावे, याविषयी ती आहे.

फ्रेंचच्या वरच्या वर्गांत ‘अँपार्फे द्यु स्युब्झाँक्तिफ’ नावाचे एक प्रकरण येते. मराठीत त्याला अपूर्ण भूतकाळी संभावनार्थ म्हणता येईल. इच्छा, भीती, गरज, संशय दाखवणारे मुख्य क्रियापद भूतकाळी असले, की त्याच्या पोटातील गौण वाक्यात हे रूप यावे, असा जुना नियम. ते सिद्ध करण्याची रीत मोठी गमतीची आहे. साध्या भूतकाळाचे द्वितीयपुरुषी एकवचन घ्यायचे आणि त्यास विशिष्ट प्रत्यय जोडायचे. तृतीयपुरुषी एकवचनात मात्र स्वरावर एक टोपी चढते. ही टोपी म्हणजे गळून गेलेल्या ‘स’काराचे थडगेच. या टोपीचा डोळ्यास उपयोग, कानास काहीच नाही; कारण टोपी असलेले आणि नसलेले, दोन्हींचा उच्चार ‘फ्यू’ असाच होतो. अनेकवचनात ‘एमास्यों’सारखी रूपे निघतात, आणि ती ऐकून खुद्द फ्रेंच माणसालाच हसू फुटते. आल्फोंस आले या विनोदकाराच्या नावावर सांगितली जाणारी एक विडंबनकविता याच रूपांवर बेतलेली आहे.

हे रूप आज कोणी बोलत नाही. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ हे सांगताना जुना लेखक ‘व्हँ’ लिहील. आजचा फ्रेंच माणूस वर्तमानाचे ‘व्हिएन’ वापरून मोकळा होतो. त्यास सरकारी मान्यताही आहे. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी काढलेल्या आदेशाने, मुख्य क्रियापद संकेतार्थी असेल तेथे अपूर्ण रूपाऐवजी वर्तमानी रूप लिहिल्यास परीक्षेत चूक धरू नये, अशी सूट दिली. १९७६ च्या डिसेंबरातील आदेशाने ही सवलत भूतकाळी मुख्य क्रियापदापर्यंत नेली. (गंमत अशी की, या सवलतीमुळे फ्रेंच जेथे येऊन ठेपली तेथे मराठी आधीपासूनच उभी होती. ‘त्याने यावे असे वाटते’ आणि ‘त्याने यावे असे वाटले’. आमचा विध्यर्थ मुख्य क्रियापदाचा काळ पाहून पोशाख बदलत नाही.)

आता पाहा. बोलण्यातून गेले, परीक्षेत माफ झाले, तरी फ्रेंचांनी हे रूप पुस्तकांतून खरवडून काढले नाही. बेशरेलच्या रूपकोशात त्याचे कोष्टक अजून छापले जाते. विद्यार्थ्यास सांगतात : हे बोलू नकोस, बोललास तर लोक हसतील, पण ओळख, कारण याखेरीज तुला तीनशे वर्षांचे वाङ्मय नीट वाचता येणार नाही. बोलण्याची रूपे निराळी आणि वाचण्याची निराळी, इतका हा साधा विवेक आहे. आणि आमचे विद्यानगरचे नातवंड हे कोष्टक मुकाट्याने पाठ करते. घरात कोणी म्हणत नाही, की मेलेले रूप कशाला घोकतोस?

तेच नातवंड मराठी गोष्टीचे पुस्तक उघडते. ‘म्हातारी रोज पहाटे उठे, नदीवर जाई आणि देवाची पूजा करी.’ तेथे ते अडखळते. ‘जाई’ हे त्याला फूल वाटते. ‘करी’ तर हॉटेलच्या ताटातली. मग वडीलधारी मंडळी काय करतात? ‘हे जुनाट मराठी आहे, सोडून दे’ म्हणतात. आमच्याच मंडळींतून अशीही सूचना पुढे येते, की मुलांसाठी जुन्या गोष्टी निवडताना ‘जाई’चे सर्वत्र ‘जायची’ करून टाकावे, म्हणजे अडचणच उरणार नाही. या सूचनेला आमचा सक्त विरोध आहे.

विरोधाचे कारण सोवळेपणा नव्हे. हैदराबादच्या मराठीने सोवळे कधी पाळले नाही. शाळेत उर्दू, बाजारात दख्खनी, शेजारी तेलुगू अशा संसारात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, इतकेच नव्हे तर दख्खनीला आपला ‘नको’ आणि आपला ‘च’ देऊन बसली. मुलांनी घरात ‘आजोबा जाई’ असे बोलावे, असा आग्रह आम्ही धरत नाही. स्पर्धेच्या व्यासपीठावर मुलांकडून अशी रूपे पोपटासारखी वदवून घेणाऱ्यांचेही आम्हांस कौतुक नाही. बोलण्यात ‘जायचे’ हेच योग्य आहे. प्रश्न वाचण्याचा आहे.

आणि हे रूप मेलेले आहे, हे तरी खरे काय? व्याकरण त्याला रीतिभूतकाळ म्हणते. त्याचा इतिहास फ्रेंच रूपाच्या इतिहासाशी विलक्षण जुळतो. फ्रेंच रूप लॅटिनमध्ये पूर्णभूताचे होते, ते सरकत अपूर्णात आले. आमचे ‘करी’ प्राकृतातील ‘करइ’पासून आलेले, मूळचे वर्तमानकाळी. ज्ञानेश्वरीत ते वर्तमानीच आहे. पुढे ‘करतो’ पुढे आला, त्याने वर्तमानाची गादी बळकावली, आणि ‘करी’ भूतकाळात, तोही रोजच्या रीतीचा भूतकाळ सांगण्यासाठी, सरकला. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या आपल्या शास्त्रीय मराठी व्याकरणात अशा रूपांचा ऊहापोह किती खोलवर केला आहे, हे तो ग्रंथ चाळणाऱ्यास ठाऊक असेल. (दामले हे केशवसुतांचे बंधू, एकाच घरात एकाने कवितेची घडी मोडावी आणि दुसऱ्याने भाषेची घडी मोजावी, हाही एक योगच.)

परंतु गादी गेली तरी हा जुना राजा घराबाहेर पडलेला नाही. ‘पोरगं ऐकेना’, ‘काही सुचेना’, ‘पाऊस थांबेना’, ‘गाडी येईना’ : हे विद्यानगरच्या कोणत्या घरात बोलले जात नाही? त्या प्रत्येकात तेच जुने रूप ‘ना’च्या आधी उभे आहे. ‘अंगण वाकडे’ म्हणणाऱ्याला नाचता ‘येईना’ असते, ते तेच. ‘खाई त्याला खवखवे’ या तीन शब्दांत ते दोनदा आले आहे. ‘दाम करी काम’, ‘बळी तो कान पिळी’ या म्हणींत तर आपल्या मूळच्या वर्तमानी रूपात नांदते आहे. ‘तो आला म्हणे’ यातील ‘म्हणे’ हेही तेच, आता ऐकीव बातमीची खूण होऊन बसलेले. फ्रेंच मुलाच्या तोंडी त्याचे ते अपूर्ण रूप असे दिवसाकाठी दहा वेळा येत नाही. ज्या मुलाला ‘सुचेना’ कळते त्याला ‘सुचे’ कळणार नाही, हे म्हणणे मुलाच्या बुद्धीचा अपमान करणारे आहे. त्याला फक्त कोणी सांगितलेले नसते.

पुण्याच्या मुलाला न सांगितले तरी एक वेळ चालेल. शाळा, वर्तमानपत्र, कीर्तन, नाटक, कोठून तरी ते त्याच्या कानी पडेलच. आपले तसे नाही. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मागे राहिलो. तेव्हापासून या नगरातील मराठीचे दोनच आधार : घरातील बोलणे आणि कपाटातील पुस्तक. बोलणे पिढीगणिक पातळ होत जाणार, ते आपल्या हाती नाही. मग पुस्तकाचा आधार आपणच का कापावा? आजोबांची रोजनिशी, आत्याबाईंची पत्रे, १९२२ पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातील जुने कथासंग्रह, या साऱ्यांत गेलेल्या दिवसांची हकिगत ‘जाई, येई, बसे, करीत’ याच रूपांनी सांगितलेली आहे. ती रूपे न कळणाऱ्या मुलाच्या हाती ही कागदपत्रे दिली, तर तो अक्षरे वाचील आणि काळ चुकवील. जे रोज घडत होते ते एकदाच घडले, किंवा आज घडते आहे, असे समजेल. गोष्टींत ‘जायची’ घालून आपण त्याची सोय करीत नाही. पणजीच्या पत्रांत तर कोणी ‘जायची’ घालून देणार नाही.

‘वेळ कोठे आहे?’ असे विचारले जाते. किती वेळ लागतो? तो करी, ते करीत, तो बसे, ते बसत, तू करीस. सकर्मकास बहुधा ‘ई’, अकर्मकास बहुधा ‘ए’, काही अपवाद. फ्रेंचच्या त्या एका प्रकरणाहून हे पुष्कळ लहान आहे, आणि टोपी कोठेच नाही. एका रविवारी सकाळी, चार म्हणी आणि एक गोष्ट हाताशी घेऊन हे उरकते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि तो खालच्या आवाजात घेतला जातो : ‘सूनबाई तेलुगू आहेत, त्यांना हे कसे समजावे?’ आमच्या मते त्यांनाच ते सर्वांत लवकर समजेल. तेलुगूत ‘तो रोज जात असे’ यासाठी ‘वेळ्ळेवाडु’ असे स्वतंत्र रूप आहे आणि ते रोजच्या बोलण्यात ठणठणीत जिवंत आहे. २०१८ च्या कायद्यानंतर येथील मुलांना शाळेत तेलुगू टाळता येत नाही. तेव्हा आईचे ‘वेळ्ळेवाडु’, शेजारच्या चाचांचे ‘जाया करते थे’ आणि आजीचे ‘जाई’ एकाच पाटीवर एकाखाली एक लिहून दाखवावे. मुलाला निराळे समजावण्याची गरज पडणार नाही.