हात कोणाचे, निर्णय कोणाचा?

लोकशाहीत निर्णय बहुमताने होतात, एवढे सांगून जे थांबतात त्यांनी डेबियन या संगणकप्रणालीच्या कारभाराचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी तेथील आठजणांच्या तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी मते पडली आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने प्रश्न निकालात निघाला. प्रश्न होता तो, संगणकाची कळ दाबल्यावर सर्वांत आधी जागा होऊन इतर सर्वांना जागे करणारा प्रोग्राम कोणता असावा, हा. बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखे काय आहे ते कळणार नाही. परंतु ते वर्ष संपण्यापूर्वी समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले होते, वर्षानुवर्षे खपलेले काही कार्यकर्ते घरी बसले होते आणि एक गट वेगळी चूल मांडण्यास निघाला होता. वाद तांत्रिक होता हे खरे. तथापि त्याच्या पोटात दडलेला प्रश्न चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे : निर्णय मत देणाऱ्याचा, की राबणाऱ्याचा?

डेबियन ही लिनक्सवर उभारलेली, कोणालाही फुकट घेता, वापरता, बदलता आणि वाटता येणारी प्रणाली. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये तिची घोषणा केली. १९९७ मध्ये या मंडळींनी 'सामाजिक करार' जाहीर केला आणि १९९८ मध्ये स्वतःची घटना मंजूर करून घेतली. दरवर्षी नेत्याची निवडणूक होते. तांत्रिक समितीचा निर्णय न पटल्यास सर्वसाधारण ठराव मांडून तो फिरविता येतो. जगभर विखुरलेले सुमारे हजार डेव्हलपर हे या संस्थेचे मतदार. (त्यांना विकासक म्हणता आले असते, पण तो शब्द आपल्याकडे बिल्डरांनी पळविला आहे.) संस्था स्वतः यांपैकी कोणालाही पगार देत नाही. तिला मालक नाही, भागधारक नाहीत, आणि तरीही ती ३० वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. उबुंटूसारखी लोकप्रिय प्रणाली तिच्याच पायावर उभी आहे. डेबियन संगणकावर बसविताना भाषांच्या यादीत मराठीही सापडते. सप्टेंबर २०२३ मध्ये या मंडळींची वार्षिक जागतिक परिषद कोचीला भरली होती. तेव्हा हा विषय सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्याचे कारण नाही.

आता वादाचे मूळ. जुन्या पद्धतीत संगणक सुरू होताना साध्या लिखित आज्ञांच्या फायली क्रमाने चालविल्या जात. युनिक्सच्या काळापासून चालत आलेली ही रीत. तिचा मोठा गुण असा की, काही बिघडले तर संगणक सांभाळणारा माणूस ती फाईल उघडून वाचू शके आणि तेथल्या तेथे दुरुस्त करू शके. दोष असा की, एकदा सुरू करून दिलेली सेवा मध्येच मेली तर त्याची दखल घेणारे कोणी नसे. कॅनोनिकल या कंपनीने २००६ मध्ये 'अपस्टार्ट' हा पर्याय काढला. २०१० मध्ये रेड हॅटच्या लेनार्ट पोएटरिंग यांनी एका सहकाऱ्यासह 'सिस्टीम-डी' पुढे आणला. सिस्टीम-डी सेवा एकाच वेळी सुरू करतो, प्रत्येकीवर लक्ष ठेवतो, मेलेलीला पुन्हा उठवितो. परंतु तो तेवढ्यावर थांबला नाही. नोंदी ठेवणे, कोण आत आला नि गेला हे पाहणे, अशी एकेक खाती त्याने आपल्याकडे घेतली. ग्नोम हा पडद्यावरचा लोकप्रिय कारभारही त्याच्या एका भागावर विसंबू लागला, तेव्हा डेबियनला काही ना काही ठरविणे भागच पडले.

हा वाद केवळ तत्त्वांच्या पातळीवर राहिला असता तर पंडितांचा खेळ ठरला असता. तो प्रत्यक्ष कामाच्या जागी कसा पोहोचला ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०१५ मध्ये सिस्टीम-डीसह डेबियनची आठवी आवृत्ती निघाली. जुन्या संगणकावर ती चढविली, तो पुन्हा सुरू केला, आणि पडदा दीड मिनिट गप्प बसून मग दुरुस्तीच्या अवस्थेत अडकला, असा अनुभव काहींना आला. कारण शोधता सापडे ते असे : डिस्कच्या यादीत कधीकाळी जोडलेली आणि आता नसलेली एक डिस्क तशीच लिहिलेली होती. जुनी पद्धत ती सापडली नाही तर कुरकुर करून पुढे जात असे. नवी पद्धत थांबत असे. उपाय एका शब्दाचा, 'नो-फेल' हा शब्द त्या ओळीत घालण्याचा. आवृत्तीसोबतच्या सूचनांत तो छापलेलाही होता. पण दूरच्या गावातील सर्व्हर सुरूच होत नाही, तेव्हा त्या सूचना वाचण्याइतकी सवड आणि शांती कोणाला असते?

तरीही येथे नव्या पद्धतीला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. डिस्क जोडलेली नसताना संगणक निमूट पुढे गेला, तर रात्रीची राखीव प्रत भलत्याच जागी लिहिली जाते आणि मालकाला ते महिन्यांनी, नेमकी गरज पडते तेव्हा कळते. जुन्या पद्धतीची सहनशीलता ही काही वेळा केवळ बेफिकिरी होती. चुकीची बातमी लगेच द्यावी की काम चालू ठेवून दडवावी, यावर दोन प्रामाणिक माणसांचे दोन पक्ष होऊ शकतात. नोंदींविषयीचा आक्षेप मात्र अधिक वजनदार होता. जुन्या नोंदी साध्या मजकुरात असत. कोणत्याही साधनाने वाचाव्यात. सिस्टीम-डीच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या सांकेतिक स्वरूपात असतात आणि त्या वाचण्यास त्याचेच साधन लागते. डेबियनने आठव्या आवृत्तीत जुनी मजकुराची नोंदवहीही चालू ठेवून हा आक्षेप बोथट केला. मे २०१६ मध्ये तर सिस्टीम-डीच्या कर्त्यांनी असे ठरविले की, वापरणारा बाहेर पडला की त्याने मागे चालू ठेवलेली कामेही बंद पाडावीत. रात्रभर चालणारी गणिते लावून घरी जाणाऱ्यांच्या पोटावरच हा पाय होता. डेबियनने आपल्या वाटपात तो नियम फिरविला. मध्ये उभे राहून वापरणाऱ्याची बाजू पाहणारी संस्था असली म्हणजे काय होते, याचा हा चांगला दाखला होय.

परंतु खरी कसोटी २०१४ च्या शरदातच लागून गेली होती. ज्यांनी डेबियनच्या घटनेचा मसुदा केला, त्याच इयान जॅक्सन यांनी सर्वसाधारण ठराव मांडला : कोणत्याही सॉफ्टवेअरने एका विशिष्ट आरंभ-प्रोग्रामवाचून आपले चालत नाही, अशी अट सामान्यतः घालू नये. मागणी न्यायाची दिसत होती. अल्पमताला जगू द्या, एवढेच तिचे म्हणणे. अडचण आली ती घटनेच्याच एका कलमाने. त्या कलमान्वये ही घटना कोणावरही काम करण्याची सक्ती करीत नाही; मात्र रीतसर झालेल्या निर्णयांविरुद्ध कोणी कारवाया करू नयेत. म्हणजे बहुमताने ठराव झाला तरी तीन-तीन पद्धती सांभाळण्याचे ओझे उचलणार कोण? नोव्हेंबरमध्ये मतमोजणी झाली तेव्हा विजयी ठरला तो 'अशा ठरावाची गरज नाही' हा पर्याय.

काहींनी याला पळवाट म्हटले. ते बरोबर नाही. दुसऱ्याच्या श्रमावर ठरावाने हुकूम चालविण्यास मतदारांनी नकार दिला, असा त्याचा अर्थ आहे, आणि विनावेतन श्रमावर चालणाऱ्या संस्थेत तो शहाणपणाचा होता. सहकारी संस्थांच्या सभांतून टाळ्यांच्या गजरात संमत होऊन कपाटात पडलेले ठराव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मात्र 'जो करील तो ठरवील' हे सूत्र वाटते तितके निष्पाप नाही. काम करण्यास सवड कोणाला आहे, हा प्रश्न ते विचारीत नाही. सिस्टीम-डीवर दिवसभर बसून काम करणाऱ्या प्रमुख माणसांचा पगार रेड हॅट देत होती. अपस्टार्टमागे कॅनोनिकल होती, समितीतील दोघे तिच्याच नोकरीत होते आणि त्यावरून उघड चर्चाही झाली. निकालानंतर तीनच दिवसांनी कॅनोनिकलचे मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही सिस्टीम-डीकडे वळेल असे जाहीर केले आणि अपस्टार्टचे भवितव्य संपले. २०१९ मध्ये रेड हॅटच ३४ अब्ज डॉलरांना आयबीएमच्या पदरात पडली. २०२२ मध्ये पोएटरिंग मायक्रोसॉफ्टकडे गेले. यात कट शोधण्याचे कारण नाही. सारे लेखन मुक्त परवान्याखाली आहे, ते कोणीही घ्यावे, बदलावे. परंतु हवेतून हात येत नाहीत. ज्याच्याजवळ पगारी हात आहेत, त्याची रचना पूर्ण होते, तिच्यावर इतर रचना विसंबू लागतात आणि पुढे मतदानाला येतो तो प्रश्न आधीच निम्मा सुटलेला असतो.

वेगळे होण्याचा हक्क खरा होता, हे देव्हुआन या गटाने दाखविले आणि त्याची किंमतही दाखविली. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी सिस्टीम-डीविरहित डेबियन काढण्याची घोषणा केली. पहिली पक्की आवृत्ती निघण्यास मे २०१७ उजाडला, तोवर मूळ डेबियनची आवृत्ती दोन वर्षांची झाली होती. थट्टा करणाऱ्यांनी थट्टा केली. पण त्यांनी तक्रारीबरोबर श्रमही आणले, हे मान्य करावेच लागेल. फ्रीबीएसडीच्या गाभ्यावर डेबियन चालविण्याचा उपक्रम मात्र माणसे अपुरी पडल्याने आठव्या आवृत्तीच्या अधिकृत यादीतून गळाला आणि २०२३ मध्ये बंद झाला. तो बंद करण्यासाठी कोणालाही त्याच्याविरुद्ध मतदान करावे लागले नाही. २०१९ च्या डिसेंबरात डेबियनने पुन्हा मत घेतले. सिस्टीम-डी मुख्य राहील, पर्याय शोधणाऱ्यांना वाव राहील, असा कौल मिळाला.

या सर्व वादात जो प्रश्न दोन्ही पक्षांच्या नजरेआड राहिला, तो मार्च २०२४ मध्ये वेगळ्याच वाटेने पुढे आला. एक्सझेड हा फायली आवळून लहान करणारा प्रोग्राम वर्षानुवर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. २०२२ मध्ये त्याच्यावर दबाव सुरू झाला : कामाला उशीर होतो, दुसऱ्या कोणाला घ्या. मदतीला आलेल्या एका अनोळखी नावाने हळूहळू विश्वास मिळविला आणि २०२४ च्या दोन आवृत्त्यांत गुप्त दरवाजा बसविला. डेबियनसह काही प्रणालींनी दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या एसएसएच या सेवेस सिस्टीम-डीशी बोलता यावे म्हणून एक जोड दिला होता. त्या जोडामागोमाग एक्सझेडही तिच्या आत शिरत असे. डेबियनच्या चाचणी अवस्थेतील आवृत्तीवर काम करताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचा प्रवेश सुमारे अर्ध्या सेकंदाने मंदावलेला दिसला. तो कारणाच्या मागे लागला आणि २९ मार्च रोजी त्याने सारा प्रकार उघड केला. पक्क्या आवृत्तीपर्यंत विष पोहोचले नव्हते.

सिस्टीम-डीच्या विरोधकांनी साहजिकच 'आम्ही सांगत होतो' म्हटले, आणि जोडापुरते ते खरेही होते. त्याच जुलैमध्ये एसएसएचच्या कर्त्यांनी तो जोड लागूच नये अशी सोय मूळ प्रोग्रामात करून दिली. परंतु जगभरच्या सर्व्हरांचा भार एका दमलेल्या, बिनपगारी माणसावर ठेवून वर त्यालाच उशिराबद्दल बोल लावणारे दोन्ही पक्षांच्या पंगतीत बसलेले होते. त्या प्रकरणात बदनाम झालेल्या एक्सझेडची स्वच्छ केलेली आवृत्ती २९ मे २०२४ रोजी निघाली. ती काढली त्याच मूळच्या स्वयंसेवकाने.