‘बाँबे’ रक्तगट : नांव व अर्थ

बियाणें घेतांना आमचे शेतकरी बंधु पिशवीवरील नांवावर विसंबत नाहींत. उगवण पाहूनच पेरतात. रक्ताच्या बाबतींतही तीच सावधगिरी हवी, असें आमचें मत आहे.

‘बाँबे रक्तगट’ हें नांव ऐकून तो मुंबईकरांचा एखादा रोग असावा असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो रोगही नव्हे व केवळ मुंबईचाही नव्हे. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत तो ओळखून १९५२ सालीं प्रसिद्ध केला, म्हणून हें नांव पडलें.

खरा अर्थ ‘एच’ या अक्षरांत आहे. एच हें जनुक होय. त्याच्यामुळें तयार होणारें विकर, म्हणजे एन्झाइम, रक्तपेशींवर फ्युकोज ही साखर बसवितें. त्या पायावरच ‘ए’ व ‘बी’ यांचीं विकरें आपापली साखर चढवितात. आईबाप दोघांकडूनही निकामी जनुक आल्यास पायाच राहत नाहीं. गोठ्यांत बैल आहेत, पण जूं नाहीं; नांगर चालावा कसा?

असें रक्त साध्या तपासणींत ‘ओ’ दिसतें. परंतु अशा माणसास नेहमींचें ओ रक्त दिल्यास प्राणावर बेततें. गोर्स नांवाच्या विलायती काटेरी झुडुपाच्या बियांचा अर्क लाविला कीं हा भेद उघड होतो. जवळच्या नात्यांत लग्नें होतात तेथें निकामी जनुकें एकत्र येण्याचा संभव अधिक. यास्तव ‘ओ’ म्हटल्यावर न थांबतां ‘एच’ पाहिलें काय, असें रक्तपेढींत विचारावें. आणि घरांत एक बाँबे निघाल्यास सर्व भावंडांची तपासणी करावी.