पहारेकरी फक्त दुसऱ्याच्याच दारी नको

दुकानात ताका उतरला की आम्ही आधी त्यावरचा नंबर बिलाशी ताडून पाहतो. नंबर जुळला नाही तर माल कोणाचा आणि पैसे कोणाला द्यायचे, याचा घोळ होतो. राजकारणातल्या पैशाचेही तसेच आहे.

२०१८ साली निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षाने तो पंधरा दिवसांत वटवायचा. देणाऱ्याचे नाव मात्र जनतेला कळणार नाही. त्याच एप्रिलमध्ये ‘द क्विंट’च्या पत्रकार पूनम अग्रवाल यांनी हजार-हजार रुपयांचे दोन रोखे स्वतः विकत घेतले आणि प्रयोगशाळा गाठली. नोटा तपासतात तशा अतिनील दिव्याखाली रोख्यावर छुपा क्रमांक दिसला! सरकारने खुलासा केला की हा क्रमांक केवळ सुरक्षेसाठी आहे, बँक त्याची नोंद खरेदीदाराच्या नावावर ठेवत नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती मिळाली नाही. मार्चमध्ये तेच क्रमांक बाहेर आले आणि कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला हे पत्रकारांनी जुळवून दाखवले. सोळा हजार कोटींहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले होते. खटला संस्थांनी लढवला हे खरे; पण छुप्या नंबरावर पहिले बोट पत्रकाराने ठेवले होते.

अशा बातम्या वाचून आम्ही व्यापारी खूश होतो. पण आपल्या दारी काय करतो? काही वर्षांपूर्वी एका छोट्या पत्राने आमच्याच बाजारातील एका संस्थेच्या जमाखर्चाबद्दल दोन प्रश्न छापले. आम्ही उत्तर दिले नाही. ईद अंकाची जाहिरात काढून घेतली. “आपलीच माणसे, चव्हाट्यावर कशाला?” असे आम्हीही म्हणालो. आज त्याची शरम वाटते. चंदा ही अमानत आहे. तिचा हिशेब विचारणारा दुश्मन कसा?

बातमी चुकीची असेल तर वही उघडून खुलासा छापायला लावावा, तो आपला हक्क आहे. पण जाहिरात मालासाठी द्यावी, संपादकाचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे. व्यापारी बांधवांनी याचा जरूर विचार करावा.