सुगरणीला कायदा, दगडफुलाला काय?

विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे आपण रोज पाहतो. गोड्या मसाल्यातले दगडफूलही घरोघरी ठाऊक आहे. पण सरकारदरबारी या दोघांना सारखा मान नाही.

सुगरण हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला पक्षी. खोपा विणतो नर, मादी तो पसंत करते. दगडफूल मात्र नावालाच फूल. ते झाड नव्हे, शेवाळही नव्हे. बुरशी आणि शैवाल यांची ती भागीदारी आहे. बुरशी आसरा देते, ओल धरते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते. ही गोष्ट स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात मांडली, तेव्हा अनेकांनी ती उडवून लावली. आज वर्गीकरणात दगडफुलाची नोंद बुरशीत होते. म्हणजे सातबारा बुरशीच्या नावे, कसणारे शैवाल!

आता संरक्षणाचे पाहा. जागतिक लाल यादीनुसार सुगरणीला तूर्त धोका नाही. तरीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. तिचा खोपा मोडणे हीसुद्धा कायद्याने शिकारच. ती कणसावर बसते हे खरे, पण पिलांना किडेही भरवते. दगडफुलाचे नाव मात्र याच कायद्याच्या वनस्पतींच्या यादीत नाही. जगातल्या जवळजवळ सर्व पक्ष्यांची लाल यादीसाठी तपासणी झाली आहे. दगडफुलाच्या भाऊबंदांपैकी फारच थोड्यांची झाली. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. एका दिवसात खरवडलेले भरून यायला कित्येक वर्षे लागतात. गंधकाचा धूरही त्याच्या काही जातींना सोसत नाही.

मग करायचे काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती वही कपाटातून काढून ग्रामसभेपुढे ठेवावी. सह्याद्रीकडच्या गावांनी तर दगडफूल कोणत्या झाडा-खडकांवर आहे, कोण गोळा करतो, किती नेतो, हे त्यात लिहावेच. काढणाऱ्यांनी फांदी तोडू नये आणि निम्मे तरी झाडावर राहू द्यावे.

पक्षी निदान ओरडून आपली जागा सांगतो. दगडफुलाची जागा गावानेच लिहून ठेवायला हवी.