१८६० चा आवाज मुलीचा नव्हे

मागील अंकातील एका पत्रात १८६० साली पॅरिसमध्ये झालेले ध्वनिमुद्रण एका मुलीच्या गाण्याचे असल्याचे म्हटले आहे. ते दुरुस्त व्हायला हवे. एदुआर-लेऑन स्कॉट द मार्तिन्व्हिल यांनी १८५७ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘फोनोटोग्राफ’ यंत्रात आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याला जोडलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढत असे. ती रेघ केवळ पाहण्यासाठी होती, पुन्हा ऐकवण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कागदाच्या प्रतिमेवरून संगणकाद्वारे १८६० ची अशी रेघ ऐकण्याजोगी केली. कागद गुंडाळलेला दंडगोल हाताने फिरवला जात असल्याने वेग कमीजास्त होई. मात्र शेजारीच नादकाट्याची, म्हणजे ठरावीक गतीने कंप पावणाऱ्या दुशाखी धातूपट्टीची, रेघ असल्याने तो सारखा करता आला. घोटाळा झाला तो इथेच. तत्कालीन फ्रेंच पद्धतीत अर्धे आंदोलनही एक कंपन म्हणून मोजत, त्यामुळे सेकंदाला ५०० कंपने म्हणजे प्रत्यक्षात २५० आवर्तने, हे ध्यानात न आल्याने गाणे दुप्पट वेगाने वाजवले गेले. २००९ मध्ये वेग निम्मा करताच मुलीच्या जागी संथपणे गाणारा पुरुष, बहुधा खुद्द स्कॉट, ऐकू आला. दुरुस्तीनंतर इतक्या वर्षांनीही पहिलीच बातमी उद्धृत व्हावी, हे नवलच.