खापर उचलणारा चोर, मग टेकाड सपाट करणारा कोण?

पाऊस उघडला की चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत, शेताच्या बांधावर, खाडीकाठी जुनी खापरं वर येतात. एखादा मणी, क्वचित काळवंडलेलं नाणंही. पोराबाळांना घेऊन ती शोधत फिरणारी कुटुंबं सुट्टीत हमखास दिसतात. मग कुणीतरी फोटो टाकतं आणि खाली कमेंट सुरू होतात, "चोर आहेत, गुन्हा दाखल करा!"

मित्रांनो, माझं म्हणणं वेगळं आहे. नाणी विकणाऱ्यावर जरूर कारवाई करा. पण कुतूहलाने वाकून बघणाऱ्या पोराला चोर ठरवू नका. आपण त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्यात: गुपचूप खिशात घाल, नाहीतर फेकून दे.

कायदा बघा. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, म्हणजे गुप्तधनाचा कायदा, १८७८ चा. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय, कुठे, कधी हे कलेक्टरला लेखी कळवा. नाही कळवलंत तर एक वर्षापर्यंत कैद. मूळ कायद्यातली मर्यादा दहा रुपये! शोधणाऱ्याला हिस्सा मिळण्याची तरतूदही त्यातच आहे, पण ती कोण सांगतो? नारळाला आळं करताना मणी सापडलेला बागायतदार तो घेऊन अलिबागच्या कलेक्टर कचेरीत जाईल का? आणि गेलाच, तर त्याला कुठल्या टेबलावर पाठवतील?

ज्या इंग्रजांनी हा कायदा आपल्या गळ्यात बांधला, त्यांनी स्वतःच्या घरी १९९६ ला नवा कायदा केला. १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तूंची नोंद घ्यायला सुरुवात केली. आज ती नोंद दहा लाखांच्या पुढे गेली आहे. तिथे डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळतात, ते इथे नको. पण नोंद घ्यायला काय हरकत आहे?

कारण खापराची किंमत खापरात नसते. ते कुठे आणि कोणत्या थरात पडलं होतं, यात असते. चौल म्हणजे ग्रीक-रोमन लिखाणात आलेलं जुनं बंदर. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं. गोगटे तर खापराच्या मातीवरून मडकं कुठलं हे शोधणारे. तेच खापर शोकेसमध्ये गेलं की मुकं होतं. त्याचा पत्ता हरवतो.

"सामान्य माणसाला यातलं काय कळतं?" असं म्हणणाऱ्यांनी रत्नागिरीकडे बघावं. सुधीर रिसबूड आणि त्यांचे सोबती गावोगाव सडे तुडवत फिरले, गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारलं, कातळशिल्पांची नोंद केली. काही उचलून घरी नेलं नाही. २०२२ ला कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आणि आपण? अक्षीचा शिलालेख, शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. तो वर्षानुवर्षं रस्त्याकडेला ऊनपावसात उभा होता. तेव्हा कुठे होती ही संस्कृतीची काळजी? आजही फार्महाऊसच्या पायासाठी जेसीबी एका दुपारी टेकाड उचलतो, माती भरावाला जाते, शतकं डंपरमधून निघून जातात. त्याला कुणी आडवं येत नाही. पोराच्या मुठीतलं खापर मात्र डोळ्यात खुपतं!

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, चौल, रेवदंडा, अक्षी, नागाव अशा प्रत्येक ग्रामपंचायतीत सापडलेल्या वस्तूंची नोंदवही ठेवा आणि कळवायला एक फोन नंबर भिंतीवर लिहा. दोन, जुन्या वस्तीच्या जागी बांधकामाला परवानगी देण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने जमीन बघावी. तीन, इथे सापडलेलं इथल्याच मुलांना अलिबाग तालुक्यात बघायला मिळावं.

तोवर पालकांनो, मुलांना घेऊन जरूर फिरा. पण खणू नका. काही दिसलं तर जागेवरच फोटो काढा, बाजूला पट्टी किंवा पेन ठेवा, मोबाईलवरचं लोकेशन जपून ठेवा आणि कलेक्टर कचेरीला लेखी कळवा. अर्जाची पोच मागून घ्या. पन्नास पोच जमल्या तरी कुणाला तरी त्या फायलीचं टेबल शोधावंच लागेल.